सत्तावीसच्या सायकलीला सव्वीसची चाकं

"ही चाकं ह्या फ्रेमला बसायची नायत, वैनी," दामू म्हणाला आणि हातातला पाना तेलाच्या डब्यात टाकून मोकळा झाला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मालूच्या लेखी तो आत्ता कुठे सुरू होत होता. मुरबाडच्या बाजारपेठेत, दामूच्या सायकलदुकानाच्या पायरीशी ती उभी होती. दोन्ही हातांत एकेक चाक, कपाळावर घाम, आणि पदर कमरेला खोचलेला. चाकं कुणाच्या तरी जुन्या लेडीज सायकलची, भंगारातून निवडून आणलेली. भिंतीला टेकून सायकल होती ती मात्र भलतीच नखरेल. निळी, शिडशिडीत, मेंढ्याच्या शिंगासारखं वाकडं हँडल, आणि बोटभर जाडीची दोन भली मोठी चाकं. रेसची सायकल. मुरबाडात तशी दुसरी नव्हती.

"बसवून बघितलीस?"

"बघायला कशाला पायजे? फ्रेम सत्तावीसची, चाकं सव्वीसची."

"मोठं चाक लहान जागेत शिरणार नाय, हे मलाबी कळतं. लहान चाक मोठ्या जागेत का नाय बसणार?"

दामूनं मान खाजवली. "बसंल. पण शोभणार नाय."

"मग शोभणार नाय असं म्हण. बसणार नाय कशाला म्हणतोस? शोभेचं माझं मी बघते."

शेजारच्या हॉटेलात चहा पिणारी गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मालूनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिनं चाकं पायरीला टेकवली आणि स्वतः पायरीवर बसली, म्हणजे चाकं बसेपर्यंत ती काही उठणार नव्हती.

मालू कासारीण होती. नवऱ्याचं, जगदीशचं, बाजारात बांगड्यांचं लहानसं दुकान होतं. दुकान नावाला; पोट भरायचं ते गावांवर. मुरबाडच्या कासारांत गावं वाटलेली होती. कागद नाही, सही नाही, पण ज्याचं गाव त्यानंच तिथं पेटी उघडायची, दुसऱ्यानं त्या गावात नुसतं पाणी पिऊन पुढं जायचं. टोकावड्याच्या आतल्या अंगाची गावं मालूच्या सासूची, सकुबाईची. सकुबाईनं सारा जन्म डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती गावं तुडवली. बाळंतिणीला, सवाष्णीला, नवरीला तिच्याच हातच्या बांगड्या. आता तिची मान वळत नव्हती आणि गुडघे उंबऱ्याशीसुद्धा भांडत होते. जगदीशला दमा, तो चढावर चार पावलं टाकली की बसकण मारायचा. राहिली मालू.

आणि मालूनं लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "गावं मी करीन. पण डोक्यावर पाटी घेणार नाय. आत्याबाईंची मान मी रोज बघते."

सुनेनं असं बोलावं म्हणून आळी दोन दिवस बोलत राहिली. सकुबाईनं मात्र नुसती मान चोळली. मान दुखत असताना मानेवरून वाद कोण घालणार?

सुरुवातीला मालू एसटीनं टोकावड्याला उतरायची आणि पेटी काखेत मारून चालायची. लग्नसराईत एका दिवशी तीन गावांतून बोलावणं आलं की तिची त्रेधा उडायची. एसटी चुकली की दिवस गेला. म्हणून तिनं सापगावहून, माहेरून, ही सायकल आणली होती. धाकट्या भावानं, संदेशनं, कॉलेजात असताना हौसेनं घेतलेली. पुढं त्याला आसनगावला कारखान्यात नोकरी लागली, मोटरसायकल आली, आणि ही निळी राणी पडवीत खुंटीला लटकली. मालू लहानपणी शहापूरच्या बाजारात तासाच्या भाड्यानं सायकल काढून शिकलेली होती. तिला भीती नव्हती. प्रश्न होता मधल्या दांडीचा.

तो सकुबाईनं सोडवला. "गोल साडी नेसून दांडीवरनं टांग टाकशील तर सगळा बाजार बघायला येईल," ती म्हणाली आणि स्वतःची दोन नऊवारी लुगडी ट्रंकेतून काढून तिच्या अंगावर फेकली. "घट्ट काष्टा मार. आमी काय उगाच गुडघ्यापर्यंत नेसायचो? चिखलात उतरायला, झाडावर चढायला. सायकल तेव्हा नव्हती एवढंच."

तर बाई काष्टा मारून रेसच्या सायकलीवर निघाली. पोरं मागे धावली, म्हातारे थुंकले, एक एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून ओरडला, "वैनी, मेडल भेटलं का?" मालूनं त्याला हात दाखवला, कसा दाखवला ते तिनं घरी सांगितलं नाही.

डांबरी रस्त्यावर सायकल वाऱ्यासारखी पळायची. पण डांबर टोकावड्याला संपायचं. आत उंबरपाड्याकडे खडीचा रस्ता, तोही पसरून ठेवलेला आणि दाबायचा राहिलेला. बारीक टायर, त्यात हवा अशी गच्च भरायची की टायर दगडासारखं वाजे. ते टायर प्रत्येक खड्याचा धक्का जसाच्या तसा पेटीत पोचवायचं. माघात उंबरपाड्याच्या लहानीआजीच्या थोरल्या नातीचं लग्न होतं. मालूनं नवरीसमोर बसून पेटी उघडली तर हिरव्या चुड्यातल्या निम्म्या बांगड्यांचा चुरा झालेला.

बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. त्या दिवशी वाढली असंही कुणी म्हणालं नाही. मालूनं दोन वेगवेगळ्या हिरव्या रंगांच्या बांगड्या जुळवून नवरीचे हात भरले. लहानीआजी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, तुझ्यावर राग नाय. पण वैशाखात धाकटीचं आहे. तेव्हा गणूला धाड."

गणू हा जगदीशचा चुलतभाऊ. त्याच्याकडे एम-एटी फटफटी होती, मागं बांगड्यांची पेटी बांधून तो धुरळा उडवत फिरायचा. त्यानं सकुबाईच्या ओट्यावर बसून सुपारी कातरत कातरत विषय काढला. "काकू, तुमची गावं सांभाळायची मला काय हौस नाय. पण चुडा वाढला तर आपल्या सगळ्यांचं नाव जातं. वैनींनी दुकान बघावं. गावं मी करतो."

सकुबाईनं सुनेकडे बघितलं. मालू तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"वैशाखातला चुडा मीच नेणार," ती म्हणाली. "अखंड पोचला तर गावं माझी. एक बांगडी जरी वाढली तर आत्याबाई, तुमी गावं गणूभाऊजींना द्या, मी एक शब्द बोलणार नाय."

"एक शब्द बोलणार नाय?" आतून जगदीश म्हणाला. "हे बघायला तरी मी जगलो पायजे."

"झालं, ठरलं," सकुबाई म्हणाली. गणूनं सुपारी तोंडात टाकली. त्याला ती आत्ताच गोड लागत असावी.

तेव्हापासून मालू विचार करत होती. जाड टायर हवं, मऊ हवं, म्हणजे धक्का टायरनं खावा, बांगडीनं नाही. पण जाड टायर त्या सायकलीच्या चाक धरणाऱ्या चिमट्यात शिरत नव्हतं. वर बोट घालायलाही जागा नव्हती. मग तिच्या ध्यानात आलं, चाकच एक नंबर लहान घेतलं तर वर जागा होईल, आणि त्या जागेत जाडी मावेल. ही एवढीशी गोष्ट. दामूच्या पायरीवर ती ह्यासाठीच बसली होती.

तिसऱ्या चहानंतर दामूनं हार मानली. मोठी चाकं काढली, लहान चढवली. आस खाचेत बसला, चेन बसली, चाक फिरलं. जाड टायरालाही वर जागा उरली. मालू उभी राहिली.

"थांबा, थांबा," दामू म्हणाला. "आता ब्रेक मारा."

तिनं दांडा दाबला. ब्रेकची रबरं दोन्ही बाजूंनी आली आणि रिमऐवजी टायरच्या गालावर चिकटली. चाक लहान, त्यामुळे रिम दोन बोटं खाली गेलेली. ब्रेक मात्र जुन्याच जागी टांगलेला.

"आता बोला," दामू म्हणाला. "असंच ठेवलं तर टोकावड्यापर्यंत टायर फाटंल. मंग बांगड्या नाय, तुमीच वाढाल."

"ब्रेक खाली घे."

"तो काय धोतर आहे खाली घ्यायला? त्याचं भोक फ्रेमला वर आहे."

"भोक वर राहू दे. मधे काही तरी टांग. आमी माळ लांब करायला दोऱ्यात दोरा घालतो तसं."

दामूनं ब्रेक आणि रिममधलं अंतर बोटांनी मापलं. मग आत गेला, लोखंडी पट्टीचा तुकडा शोधून आणला, त्याला वर एक आणि खाली एक भोक पाडलं. वरच्या भोकातून पट्टी फ्रेमला, खालच्या भोकात ब्रेक. रबर बरोबर रिमवर आलं, मग मागच्या ब्रेकलाही तसंच. दामूनं दांडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. ह्या माणसाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "शोभत नाय," तो म्हणाला, "पण पकडतं."

टायर तेवढं जुनं, भेगाळलेलं होतं. मालूनं सापगावला संदेशला फोन लावला, सव्वीसची दोन टायर धाड. संदेश रविवारी मोटरसायकलवर टायर गळ्यात अडकवून आला. टायर रिमवर चढेचना. दामूनं गुडघा लावला, संदेशनं पाय लावला, जगदीशनं लांबून सल्ला लावला.

"ताई, तू सव्वीस म्हणालीस, मी सव्वीस आणलं! हे बघ, लिहिलंय!"

"लिहिलंय खरं," दामूनं टायर डोळ्यापाशी नेलं. "पण हे नवीन जाड्या सायकलींचं सव्वीस. आपलं लेडीजचं सव्वीस. आकडा एक, रिम दोन."

"मग आकडा कशाला लिहितात?"

"हे तुमी कारखान्यात काम करणाऱ्यांनी आमाला सांगायचं."

संदेश टायर गळ्यात घालून परत गेला आणि ह्या खेपेला जुनं टायर नमुन्याला सोबत नेऊन बरोबर टायर घेऊन आला.

सायकल तयार झाली तेव्हा खरंच ती शोभत नव्हती. शिडशिडीत अंगाखाली ठेंगणी, गुबगुबीत चाकं. आळीतल्या एका शहाण्यानं तिचं नाव गाभण शेळी ठेवलं. पण मालू सीटवर बसली आणि तिचे दोन्ही चवडे जमिनीला टेकले. आधी थांबायचं म्हणजे तिला उडी मारावी लागे. ती ठेंगणी होती, आणि आता सायकलही ठेंगणी झाली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, नुसती सीटवर बसून राहिली, राणीसारखी.

वैशाखात, हळदीच्या दिवशी सकाळी ती निघाली. चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही, म्हणजे दुपारच्या आत उंबरपाड्याला पोचायला हवं. नवरीचा चुडा तिनं वेगळा, जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीच्या मधोमध ठेवला होता आणि पेटी मागच्या कॅरियरला करकचून बांधली होती. सरळगाव मागे पडलं, टोकावडं आलं, डांबर संपलं, आणि खडी सुरू झाली. मालूनं श्वास रोखला. चाकं खडीवरून गेली. पेटी कुरकुरली, पण खुळखुळली नाही. तिच्या कानांना तो फरक कळत होता. माघात ह्याच जागी पेटी पैंजणासारखी वाजली होती. ती मोठ्यानं हसली. रस्त्यावर म्हशींखेरीज कुणी नव्हतं.

पुढं खडी संपून मातीची वाट लागली. बैलगाड्यांनी तिच्यात दोन खोल खाचा पाडलेल्या. तिथले सगळे सायकलवाले खाचेतून चालवतात, कारण खाचेतली माती घोटून सिमेंटसारखी झालेली असते. मालूही सवयीनं खाचेत उतरली. आणि इथं ती एक गोष्ट विसरली. चाकं लहान झाली तशी सायकल जमिनीला जवळ आली होती, आणि पायडलही. पायडल खाली आलं आणि खाचेच्या काठावर आपटलं. सायकल जागीच अडली, मालू पुढं फेकली गेली.

पडताना तिला एवढंच सुचलं की कॅरियरकडे वळावं. सायकल तिच्या अंगावर आली आणि पेटी तिच्या पोटावर. काष्ट्याखाली गुडघा सोलवटला, कोपर फुटलं. ती तशीच पडून राहिली आणि कान देऊन ऐकलं. पेटीत काही वाजलं नाही. पण पेटी उघडून बघायची तिची छाती झाली नाही.

मागून फटफट आवाज आला. एम-एटी थांबली.

"वैनी! काय झालं हो?" गणूनं खरोखरच धावत येऊन सायकल उचलली. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त तिची गावं हवी होती. "लागलंय की. असं करा, पेटी माझ्या गाडीवर द्या. तुमी मागनं चालत या. टाइम झालाय, हळद खोळंबंल."

"तुमी इकडं कसे?"

गणूनं नजर चुकवली. "लहानीआजीचा निरोप होता. वैनी आल्या नायत तर म्हणून... मी आपला तयारीनं आलो."

मालू उठली. पेटी तिनं त्याच्या हातात जाऊच दिली नाही. "भाऊजी, चुडा मी नेते."

"पण गुडघा..."

"गुडघ्यात भरायच्या नायत बांगड्या."

गणू निघून गेला, पुढे. मालूनं बघितलं, पुढच्या ब्रेकची पट्टी वाकली होती आणि रबर रिमला घासत होतं. तिनं दगडानं नट ढिला केला, पट्टी काढून कमरेला खोचली. पुढचा ब्रेक गेला, मागचा होता. मग ती खाचेत उतरली नाही. दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावरून, जिथं गवत, ढेकळं, दगड असतात आणि जिथनं कुणी सायकल चालवत नाही, तिथनं तिनं सायकल घातली. पायडल कुठं लागलं नाही. जाड टायर ढेकळं चिरडत गेली.

उंबरपाड्याच्या मांडवात ती शिरली तेव्हा चटईवर गणू बसला होता. पेटी उघडून ठेवलेली, पण बांगडी अजून कुणाच्या हातात गेली नव्हती. पहिली बांगडी नवरीची. ती भरेपर्यंत बाकीच्या बायांनी हात पुढे करायचे नसतात. नवरी अनिता पाटावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"आजी म्हणाली हात दे," ती मालूकडे बघत म्हणाली, "मी म्हटलं, माझे हात अजून धुवायचेत."

बाया हसल्या. लहानीआजी हसली नाही. "पेटी उघड," ती मालूला म्हणाली.

मालूनं रक्ताळलेलं कोपर पदरानं झाकलं आणि पेटी उघडली. वरच्या थरातल्या, मावश्याकाकवांसाठी आणलेल्या रंगीत बांगड्यांपैकी दोन वाढल्या होत्या. मांडवात कुजबूज झाली. गणू खाकरला. मालूनं ते तुकडे सगळ्यांना दिसतील असे बाजूला ठेवले. मग तिनं गोधडीचा तुकडा उलगडला.

हिरवा चुडा अखंड होता.

लहानीआजीनं स्वतः पुढे होऊन एकेक बांगडी बोटात अडकवून टिचकीनं वाजवली. चिरलेली बांगडी बद्द वाजते. एकही बद्द वाजली नाही. म्हातारीनं शेवटची बांगडी खाली ठेवली आणि गणूला म्हणाली, "बाबा, तू आता जेवून जा हो. लग्नघर आहे."

गणूनं पेटी मिटली. अनितानं मांडीखालचे हात काढले. मालूनं तिचा पंजा आपल्या पंज्यात घेतला, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि पहिली बांगडी तिला कळायच्या आत मनगटावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणू सकुबाईच्या ओट्यावर आला. सकुबाई उन्हात पाय पसरून बसली होती, मालू तिच्या गुडघ्यांना तेल लावत होती, स्वतःच्या गुडघ्याला हळद लावून.

"काकू, ह्या खेपेला जमलं," गणू म्हणाला. "पण त्या सायकलीचा भरवसा काय? ब्रेकची पट्टी कमरेला खोचून आल्या वैनी. आणि पडल्या हे त्यांनी सांगितलं का?"

"मी पडले," मालू म्हणाली. "चुडा नाय पडला."

"टोकावड्याच्या आतली गावं मालूची," सकुबाई म्हणाली. मान वळत नव्हती, म्हणून तिनं गणूकडे न बघताच सांगितलं. "तू तिथं पाणी पी, पेटी उघडू नको."

गणूनं सुपारी काढली, पुन्हा खिशात टाकली. जायला निघाला.

"भाऊजी, थांबा," मालू म्हणाली. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. "सिद्धगडाखालच्या वाड्या कुणाच्या?"

"कुणाच्याच नाय. तिकडं कुणी कासार जात नाय. वाट कुठं आहे?"

"तिथल्या बायांना हात नायत का?"

"असतील. पण जाणार कशी? पायवाट आहे, दगडधोंडे..."

"कुणाच्या नायत ना? मग मी घेतल्या." ती सासूकडे वळली. "आत्याबाई, घेतल्या हां."

सकुबाईनं नुसता दुसरा गुडघा पुढे केला.

गणू हसला, हात कपाळाला लावून. "वैनी, तिकडं ही चाकं चालायची नायत. आणखी लहान, आणखी जाड लागतील. मग काय, ट्रॅक्टरची बसवणार काय सायकलीला?"

"बसली तर तीबी बसवीन," मालू म्हणाली, आणि हात पुसून दामूच्या दुकानाकडे निघाली.